भोक जरा जास्तच चांगलं बुजवलं

सॅन फ्रान्सिस्कोजवळची गोदी,
सप्टेंबर १९४५

तीर्थरूप इंगेबोर्गमावशीच्या चरणी लॉइडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द नुसता रिवाजाचा समजू नकोस. या वर्षी पोलादी डेकवर मी इतक्या वेळा पालथा पडलोय की आठही अंगांना त्याची सवय झाली आहे.) मी इकडे खुशाल आहे. तुझी कंबर, निल्सकाकांचं हवामानाशी चाललेलं भांडण आणि ती लाथा मारणारी गाय, सगळं आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा आहे. बटाटे काढायला सुरुवात झाली असेलच.

माझ्या पत्रांत ‘हवा चांगली आहे, जेवण चांगलं आहे’ यापलीकडे काही नसतं, अशी तू आईकडे तक्रार केलीस असं कळलं. मावशी, आमची सगळी पत्रं एक अधिकारी कात्री घेऊन वाचत असे. एका पत्रात मी जरा मोकळेपणानं लिहिलं, तर ते तुझ्यापर्यंत पोचेतो त्याची जाळी झाली होती. आता लढाई संपली आणि कात्रीही म्यान झाली. तेव्हा चहाचा कप भरून घे आणि बस, कारण आता सगळं एकदमच सांगणार आहे.

आमचं जहाज ‘हार्ग्रेव्ह’ ही विनाशिका. नाव मोठं दरारा बसवणारं, पण विनाश कुणाचा ते नावात सांगत नाहीत. ओकिनावा बेटाच्या उत्तरेला, बाकीच्या आरमारापासून लांब, आम्हाला एकटं उभं केलं होतं. काम म्हटलं तर सोपं. जपानकडून विमानं येताना दिसली की मागच्यांना कळवायचं. आता ही विमानं बॉम्ब टाकून परत जाणारी नव्हेत. वैमानिक विमानासकट जहाजावर येऊन आदळायचा आणि तिथेच संपायचा. त्याला एवढ्या लांबून आल्यावर समुद्रात पहिलं जहाज दिसायचं ते आमचं. बैल सुटलाय की बांधलेला आहे हे पाहायला निल्सकाका मला गोठ्यात पुढे धाडायचे, तसलाच हा प्रकार. फक्त तिथे कुंपणावरून उडी मारता यायची.

माझं खातं मोडतोडीचं. जहाजाला भोक पडलं की ते बुजवायचं. माझा जोडीदार एमिल कुबात, आपल्यापासून फार लांबचा नव्हे, आपल्याकडच्याच न्यू प्राग गावचा. बाप सुतार, आजा सुतार, आणि हा स्वतः असा की जेवणाचं टेबल डगमगलं तर पायाखाली लाकडाची चकती सारल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. बोलणं कमी. कुणी चेष्टा केली तर थोडा वेळ विचार करायचा आणि मग गंभीरपणे उत्तर द्यायचा, तोवर चेष्टा करणारा विषय विसरलेला असायचा.

पहिलं विमान सकाळी न्याहारीच्या वेळी आलं. आमच्या सगळ्या तोफा त्याच्यावर सुटल्या, आजूबाजूच्या समुद्राला भरपूर जखमा झाल्या आणि विमान सरळ येत राहिलं. वैमानिकाचा चेहरा दिसण्याइतकं जवळ. मला वाटलं होतं, चिडलेला असेल. तो परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता, उत्तर चुकू नये एवढीच काळजी असलेला. त्याचं उत्तर थोडं चुकलं. मधोमध लागायचं ते शेपटाकडे लागलं. जहाजाची धोबीखोली, तिच्यातल्या कप्तानसाहेबांच्या इस्त्रीच्या शर्टांसकट, नाहीशी झाली. मागच्या तोफेपाशी उभी असलेली माणसंही गेली. त्यांच्याविषयी विनोदी लिहिता येत नाही म्हणून पुढे जातो.

विमानाचं इंजिन आत घुसून आमचे तोफखान्याचे मुकादम बोगार्डस यांच्या बिछान्यावर जाऊन निजलं. बोगार्डसचा नियम होता की त्यांच्या बिछान्यावर कुणी बूडही टेकायचं नाही. धुरातून खोकत ते आले, इंजिनाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे उचला आधी. चादरी धुवायला टाकायच्या आहेत.” धोबीखोली आता समुद्रात आहे हे त्यांना सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

खाली पाणी येत होतं. एमिल आणि मी गाद्या कोंबल्या, त्यावर फळ्या, फळ्यांना तुळयांचे टेकू आणि टेकूंच्या बुडाशी पाचरी. जवळच्या गाद्या संपल्या तेव्हा एमिल वर गेला आणि उपकप्तानांची गादी खांद्यावर घेऊन आला. (त्या वेळी ते तिच्यावर नव्हते, हे त्यांचं नशीब. असते तर एमिलनं तेही घातले असते.) छातीपर्यंतच्या पाण्यात उभा राहून तो टेकू ओळंब्यात आहे का ते एक डोळा मिटून बघत होता. मी म्हटलं, “एमिल, बुडतोय आपण.” तो म्हणाला, “म्हणूनच सरळ पाहिजे.”

बुडलो नाही. आमची रवानगी झाली ती बेटांच्या आडोशाला, जखमी जहाजांच्या बंदरात. तिथे आमच्यासारखी कितीतरी उभी होती. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचं धुराडं वाकलेलं, कुणाच्या पोटातून आरपार उजेड दिसणारा. तुझ्या चर्चच्या महिला मंडळात पित्ताशयाच्या ऑपरेशनवरून जशी चढाओढ चालते, तशी तिथे खलाशांची चालायची. आमच्या भोकाला फारसा मान नव्हता. बुजलेलं भोक दाखवणार काय?

आणि इथेच आमच्या जहाजावर कलह माजला. कारण तिथला कायदा असा: नुकसान तिथल्या तिथे दुरुस्त होण्यासारखं असलं तर ठिगळ लावून जहाज परत त्याच जागी उभं करायचं, आणि तसं नसलं तर घरी, सॅन फ्रान्सिस्कोला. हा कायदा कळला त्या क्षणी एमिल आणि मी जहाजाचे तारणहार होतो ते जहाजाचे वैरी झालो. आमचा आचारी टॅकेट, केंटकीचा, गुळगुळीत डोक्याचा, तो तर समोर येऊन उभाच राहिला.

“वाटोळं केलंत तुम्ही आमचं. थोडं पाणी येऊ द्यायचं होतं रे. गुडघ्याएवढं. गुडघाभर पाण्याला घर मिळतंय इथे.”

एमिलनं विचार केला. “तू पाव कच्चा ठेवतोस का कधी?”

“बायकोकडे जायला मिळणार असेल तर पीठच वाढीन मी.”

तपासणीला एक बडे अधिकारी येणार होते. कप्तानसाहेबांना परत लढायला जायचं होतं, म्हणून त्यांनी शेपटाकडे रंग लावून घेतला. बाकीच्यांनी तो वाळायच्या आत पुसून काढला. शेवटी त्या सकाळी एमिलकडे शिष्टमंडळ आलं. पुढे टॅकेट, मागे खुद्द बोगार्डस. मागणी एवढीच: दोन पाचरी सैल कर. साहेब वाकून बघतील तेव्हा थोडं पाणी झिरपलं पाहिजे. बोगार्डसनी आवाज खाली आणून ‘बाळा’ अशी हाक मारली, जी त्यांनी आयुष्यात स्वतःच्या पोरांनाही मारली नसेल. एमिल “बरं” म्हणाला, हातोडा घेतला आणि खाली गेला. डेकवर आम्ही ठोके ऐकत होतो. एकेका ठोक्याला माणसांच्या तोंडावर सॅन फ्रान्सिस्को दिसत होतं.

तो वर आला.

“झालं?” टॅकेटनं विचारलं.

“झालं. दोन सैल झाल्याच होत्या. ठोकल्या.”

टॅकेट बटाट्याच्या पोत्यावर बसला तो तिथेच बसून राहिला. एमिल त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, “खरंच सैल करणार होतो. पण वाकडी पाचर बघवत नाही मला.”

साहेब आले, वाकले, टेकूंवर मूठ आपटून पाहिली. म्हणाले की असं काम धड बंदरातही पाहायला मिळत नाही. बाहेरून पत्रा मारा आणि निघा. कप्तानांनी एमिलचा हात हातात घेऊन हलवला. दुसऱ्या कुणी त्याच्याशी हात मिळवला नाही. पुढचे बरेच दिवस टॅकेट त्याला पावाची करपलेली कड वाढत होता. एमिल ती चावून खायचा आणि म्हणायचा, “कड चांगली भाजली आहे.” टोमणा मारत नव्हता तो. त्याला खरंच आवडायची.

परत गेलो, परत त्याच जागी उभे राहिलो, आणि दुसरं विमान आलं. याला पेपर सोपा गेला. ते पुढे, कप्तानांच्या जागेखाली घुसलं. आग लागली. एमिल आणि मी पाण्याचा पाइप ओढत मागून पुढे धावलो. एक लोखंडी दार होतं. तो आधी शिरला. आत काहीतरी फुटलं. दाराच्या त्या बाजूला तो आणि या बाजूला मी, एवढाच फरक.

या खेपेला तपासणीची गरजच पडली नाही. पुढचा अर्धा भाग जळून वाकला होता. हुकूम झाला: घरी. सगळा पॅसिफिक आम्ही मागच्या अर्ध्यावर ओलांडला आणि वाटेत एकदा वादळात सापडलो. मी दर थोड्या वेळानं खाली जाऊन बघत होतो. मला करण्यासारखं काही नव्हतं. एकही पाचर हलली नाही. टॅकेट रोजच्या भट्टीतला पहिला पाव, मऊ, खरपूस, खाली नेऊन त्या टेकूंपाशी ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच उचलायचा. त्यावर जहाजात कुणी चेष्टा केली नाही. बोगार्डसनीही नाही.

इथे पोचलो तेव्हा बँड वाजला. मग गोदीतल्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि ठरवलं की लढाई संपली, दुरुस्ती परवडत नाही, जहाज भंगारात काढा. दोन विमानांना जे जमलं नाही ते एका टंकलिखित कागदानं जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. टेकू काढायला कामगार आले होते. पाचरी निघेनात म्हणून शिव्या देत होते. मी मदत करायला गेलो नाही.

असं आहे. मला रजा मिळाली आहे आणि पुढच्या आठवड्यात मी घरी पोचेन. काकांना नमस्कार, गाईला लांबूनच.

तुझा भाचा,
लॉइड हाल्व्होर्सन

ता. क. आईला गादीचं सांगितलंस तरी चालेल. पाण्याचं सांगू नकोस. तिला वाटतं की माझं खातं सुतारकामाचं होतं आणि ते कोरड्या जागी चालतं.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. एमिलच्या आईनं मला बोलावलंय. सरकारनं त्यांना तार केली, त्यात ‘कर्तव्य बजावताना’ एवढंच होतं. त्यांना विचारायचंय की कर्तव्य कुठलं, कारण तोही घरी ‘जेवण चांगलं आहे’ एवढंच लिहायचा. मी जायचं कबूल केलं आहे, पण एकट्यानं जाववणार नाही. तू माझ्याबरोबर चल. ते मूळचे प्रागकडचे बोहेमियन, आपल्या चर्चचे नव्हेत, कॅथलिक आहेत, आणि त्या लोकांच्या घरात पाऊल टाकणार नाही असं तू काकांच्या बहिणीच्या लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, ते मला ठाऊक आहे. तरी चल. मला अडखळल्यासारखं झालं की तू बटाट्यांचं बोल, कंबरेचं बोल, काहीही बोल.

ता. क. ३. तो त्यांचा एकुलता एक होता. म्हणजे जेवायचा आग्रह फार होणार. नाही म्हणू नकोस, मावशी. पुन्हा वाढलं तरी घे, आणि माझ्या पानातलंही जमेल तेवढं तुझ्याकडे ओढ. माझा घास तिथे उतरेल असं मला वाटत नाही, आणि त्या माऊलीला भरलेलं ताट परत उचलायला लागू नये.