हळदीकुंकवाला वाचलेली नोटीस

आई, तू चुलीपाशी भाकरी थापायचीस आणि मी जात्याला टेकून तुला स्कूल बोर्डाची परिपत्रकं वाचून दाखवायची. पाचगणीच्या शाळेला थंडीत लांब सुट्टी असायची, तेव्हाच मी घरी असे, आणि तुला तेवढ्यापुरती वाचणारी मिळे. माझं मराठी वाचन अडखळतं होतं. कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास एका कोपऱ्यात ढकललेला होता. मी ‘उपस्थितीअभावी’ला अडायची आणि तू पिठाचे हात न थांबवता म्हणायचीस, “म्हणजे पोरी आल्या नाहीत तर.” बोर्डाचं प्रत्येक वाक्य तू असं रोजच्या बोलण्यात उतरवून ठेवायचीस, कारण दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येऊन विचारणारच असे, की बाई, साळंचं काय म्हनं?

त्या सकाळचं परिपत्रक मात्र मी वाचलं आणि तू ते सोपं करून सांगितलं नाहीस. तुझी मुलींची शाळा जूनपासून मुलांच्या शाळेत मिळवायची असं बोर्डाच्या मनात होतं. कुणाची हरकत असेल तर रथसप्तमीनंतर डेप्युटीसाहेब तपासणीला येतील, तेव्हा सांगावी. तव्यावरची भाकरी करपली तरी तू हात लावला नाहीस. मला वाटलं, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचं, त्यात एवढं काय? मुलांची शाळा चावडीला लागून होती, चावडीच्या कट्ट्यावर दिवसभर पुरुष बसलेले असत, आणि आपल्या गावच्या बायका त्या रस्त्यानं जायची वेळ आली तर पदर ओढून, खाली बघून, भरभर जात. त्या रस्त्यानं कुणी आपली पोर रोज पाठवणार नव्हतं. शाळा मिळवली म्हणजे शाळा गेली, हे तुला कळत होतं. मला ते कळायला फार वर्षं लागली.

बोर्डाचा रिवाज असा, की शाळेचं काहीही ठरलं, सुट्टी असो, परीक्षा असो, नवी इमारत असो, की गावाला दवंडी पिटून कळवायचं आणि चावडीच्या भिंतीला कागद डकवायचा. झालं, गावाला कळलं. दवंडीवाल्यानं चावडीपुढे हलगी वाजवली. “ऐका हो! पोरींची साळा जूनपासनं पोरांच्या साळंत जानार हो! ज्याला काय बोलायचं आसंल त्यानं सायबाम्होरं बोलावं हो!” तू माझं बोट धरून रस्त्याच्या कडेला उभी होतीस. कट्ट्यावरचे एक म्हातारबुवा तुझ्याकडे न बघता तुलाच ऐकू जाईल असं म्हणाले, “बरं झालं की वो बाई. पोरी काय आता तितं जायाच्या न्हाईत. गुऱ्हाळावर मान्सं कमीच हाईत, तेवढाच हातभार.” बाकीचे हसले. तुझी बोटं माझ्या बोटावर इतकी आवळली, की मी कळवळले. हरकत सांगू शकणारी माणसं कट्ट्यावर होती आणि त्यांची हरकत नव्हती. ज्यांची असती त्या घराघरांत चुलीपुढे होत्या आणि हलगीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

गावच्या बायका एके ठिकाणी जमायच्या त्या फक्त संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला. तिथे तुला जागा नव्हती. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तू शाळेत सगळ्यांची बाई होतीस, पण संक्रांत ते रथसप्तमी तू कुणाच्या दारात जात नसस, आणि कुणी आलं तर स्वतःच आत निघून जात असस. तरी तू पाटलीणबाईंकडे गेलीस. मागच्या दारानं गेलीस, मी बरोबर होते. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली शेंग तशीच धरून म्हणाल्या, “मालकांस्नी कळलं तर मला परड्यात झोपाय लावतील. बोलवते समद्यांस्नी. पर बाई, तुमी कुठं हुबं ऱ्हानार?”

तू म्हणालीस, “खिडकीबाहेर.”

आता लिहितानाही मला पाटलीणबाईंच्या घरचा तो सोपा दिसतो. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, जरीच्या खणांचा आणि तेलाचा वास, पितळी ताटात हळदकुंकू, आणि मी पाचगणीच्या निळ्या फ्रॉकमध्ये तिळगूळ वाटत फिरते आहे. खिडकीच्या गजांपलीकडे तुझा पदर दिसतो आहे. पाटलीणबाई म्हणतात, “बाई वाचत्यात ते ऐका गं जरा.” तू वाचायला लागतेस आणि एक म्हातारी ताडकन उठते. गावात सगळ्या तिला आत्याबाई म्हणत. “आगं ही काय रीत झाली? कुकवाच्या टायमाला हिचा आवाज?” तू वाचायची थांबतेस. पाटलीणबाई कुंकवाचा करंडा उचलून तिच्यापुढे जातात. “आवं आत्याबाई, कुकू मी लावतीया, त्या उंबऱ्याच्या भाईर हाईत. आवाजानं कुकू पुसलं जायला लागलं तर आमच्या मालकांच्या घोरण्यानं माजं कवाच पुसलं आसतं!” सगळा सोपा हसतो. आत्याबाई बसत नाहीत, पण जातही नाहीत.

तू पुन्हा वाचायला लागलीस आणि या वेळी नुसतं वाचलं नाहीस. पोरी जूनपासून चावडीच्या वाटेनं जाणार, अगदी पहिलीतल्यासुद्धा. पाठवणार का? पाठवणार नसाल तर साहेबांपुढे तसं सांगायला या. एक बाई मोठ्यानं म्हणाली, तिचा मुलगा पलटणीत होता, “माज्या ल्योकाची पत्रं मी वाण्याकडनं वाचून घेती. सुनंला त्यानं काय लिवलंय ते तिच्या आदी वाण्याच्या गिऱ्हाईकास्नी ठावं! माजी नात तरी सोताची पत्रं सोता वाचू दे की.” पुन्हा हसू उसळलं. मला वाटलं, जिंकलीस तू. तेवढ्यात आत्याबाई खिडकीकडे वळल्या. आवाज चढवला नाही, म्हणून तो सगळ्यांना ऐकू गेला.

“बाई, येक इचारू? तुमची लेक कुटं शिकती?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझा फ्रॉक, माझे बूट, माझ्या रिबिनी. मी गजांकडे बघितलं. तुझा चेहरा मला नीट दिसत नव्हता, मागून ऊन होतं. “मडमांच्या साळंत,” आत्याबाईच म्हणाल्या. “आमच्या पोरींनी तुमच्या साळंत यावं, आन तुमची पोर हितं नको. आसंच ना?” पाटलीणबाईंनी करंडा खाली ठेवला. मग तू म्हणालीस, “जूनपासनं हितंच शिकंल ती.” हितं. तू कधी असं बोलत नसस. बोर्डाची भाषा तू त्यांच्यासाठी सोपी करायचीस, पण त्यांच्यासारखी कधी बोलली नव्हतीस. मी तिळगुळाची वाटी जमिनीवर ठेवली आणि मागच्या दारानं परड्यात जाऊन उभी राहिले.

घरी येताना मी विचारलं, “आधीच ठरवलं होतंस?” तू म्हणालीस, “नाही. मला दुसरं उत्तर नव्हतं.” एवढंच. पुढच्या पावलाला तू साहेबांच्या तपासणीबद्दल बोलायला लागलीस.

तपासणीच्या दिवशी तू पहाटेच शाळा सारवून काढलीस. साहेब सायकलवरून आले, टोपी काढून घाम पुसला आणि पोरींच्या बसायच्या रिकाम्या पट्ट्यांकडे बघत राहिले. गुऱ्हाळं चालू होती, दोनचार पोरी तेवढ्या आलेल्या. तू फळ्यापाशी उभी, खडूचा चुरा करत. साहेबांनी घड्याळ काढलं, दप्तर बांधायला घेतलं. “बाई, मी तरी काय लिहू?” ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा आवाज खरंच दमल्यासारखा होता. आणि मग रस्त्यावर बांगड्यांचा आवाज. पाटलीणबाई पुढे, पोरीला बखोटीला धरून. मागे पलटणवाल्याची आई, नातीला ओढत. आणखी, आणखी. आत्याबाई शेवटी आल्या, दोन नाती दोन्ही हातांत. साहेब उठून उभे राहिले. “तुम्ही सगळ्या कशाला आलात?” पाटलीणबाई पदराआडून म्हणाल्या, “काय ठरलंय ते ऐकाय. तुमची दवंडी आमच्या चुलीपातूर येत न्हाई, म्हनून आमीच आलो.” साहेबांनी दप्तर पुन्हा सोडलं.

शाळा राहिली. आणि शाळेचं काही ठरलं, की चावडीवर हलगी वाजायच्या आधी तू पाटलीणबाईंच्या खिडकीशी जाऊन ते सांगायचीस. बोर्डाच्या कुठल्या नियमात ते नव्हतं.

मला पाचगणीतून काढल्याचं कळलं तसे काका सांगलीहून मोटारीनं आले. लढाईचे दिवस, कोळशावर चालणारी ती मोटार, कपड्यांवर काजळी. माधवनगरच्या गिरणीतून रजा काढून आले होते. माझं पाचगणीचं सगळं तेच बघत असत. “वहिनी, भावाच्या मागं मी हिला बापासारखं वाढवीन म्हणालो, आणि तुम्ही मला विचारलंही नाही?” तू त्यांच्यापुढे चहा ठेवलास. “विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, भावजी.” “अर्थात!” “म्हणूनच.” ते चहा न घेता गेले. त्यांचं तुझं बोलणं वर्षभर बंद होतं, मला ठाऊक आहे.

मी दोन वर्षं तुझ्या शाळेत बसले. वर्गात तुला बाई म्हणायचं, घरी आई. एकदा चुलीपाशी तोंडातून बाई निघालं आणि तुझा थापणारा हात थांबला. तू वर बघितलं नाहीस. मग चौथी झाली, काकांचा राग उतरला, मी परत पाचगणीला गेले, आणि तिथूनच तुझ्या आजाराचं कळून मिरजेच्या इस्पितळात आले. तू ओळखलंस, पण बोलली नाहीस. ती आपली शेवटची भेट. त्या शाळेत मला काय मिळालं हे मी तुला सांगू शकते: वाचता न अडखळणारी मराठी, आणि आत्याबाईंची धाकटी नात, जी अजून माझ्याकडे येते आणि अजून माझ्या त्या रिबिनी आठवून हसते. पण तू मला विचारायला हवं होतंस. त्या सोप्यात विचारणं शक्य नव्हतं. त्यानंतर होतं.

आता डॉक्टर मला आवराआवर करायला सांगितल्यासारखंच बोलले आहेत, म्हणून मी आवरते आहे. हा कागद तुला पोचणार नाही, माझ्या लेकीला सापडेल, तेव्हा तिच्यासाठीच पुढचं लिहिते. माझी इंग्रजी पुस्तकं सगळी आपल्या गावच्या शाळेला, कपाटासकट. तांब्याचा बंब सुनेला, तिला तो आवडतो आणि ती मागणार नाही. हिरवं लुगडं आत्याबाईंच्या नातीला. काकांची चांदीची डबी त्यांच्या मुलाकडे सांगलीला पोचवायची, स्वतः जाऊन.

आई, राहिला तुझा फोटो. एकच आहे. शाळेत आता नवा हॉल बांधला आहे, तिथे लावायला गावानं तो दोनदा मागितला. दोन्ही वेळा मी सापडत नाही म्हणून कळवलं. तो माझ्या उशाशीच आहे, आई. तो गावाला द्यायचा. पण माझ्यानंतर.