गुडघा केव्हाच बरा झाला

रविवार, ता. ९, दुपार

जावईबापू,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक, तुमचंही ठीक चाललं असेल. एकाच गावात राहून पत्र लिहितोय म्हणून हसाल. पण फोनवर तुम्ही कामात असता आणि समोरासमोर बसलो की मी चेष्टा करतो. कागदावर निदान कुणाला मध्येच तोंड घालता येत नाही.

वर्कशॉप जोरात आहे. उन्हाळा आला की लोकांना पाण्याच्या मोटरी आठवतात. जळक्या मोटरींची दारात रांग लागलीय. नवा कारागीर वाइंडिंग सुरेख करतो, पण काम करताना गातो, आणि सूर कुठला कुठं. सांगायची सोय नाही, निघून जाईल.

तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची तुम्ही दर आठवड्याला चौकशी करता. हिला बरं वाटतं. "असा जावई नशिबानं मिळतो," म्हणते आणि मग हळूच माझ्याकडे बघते. कारण गुडघा केव्हाच बरा झालाय. काल माळ्यावर चढून डबे काढत होती.

तेव्हा आईच्या मदतीला म्हणून आमची लेक छोट्या मालकांना, आमच्या नातवाला, घेऊन दर रविवारी येते, ती आमच्याकडे थांबत नाही. मी दोघांना दवाखान्याच्या वरच्या हॉलवर सोडतो. ज्यांची मुलं बोलत नाहीत, हाक मारली तरी वळून बघत नाहीत, अशा आईबापांनी मिळून तिथं एक गट चालवलाय. "ह्यांना इतक्यात सांगू नका," असं ती म्हणाली होती. मला वाटलं, दोन-चार रविवार जाईल आणि शांत होईल. शांत झाली, पण जाणं थांबलं नाही.

मी मागं बसतो. पहिल्याच दिवशी तिथला पंखा किटकिट करत होता, तो उघडून बसलो आणि तेव्हापासून मला कुणी ऊठ म्हणत नाही. बसल्या बसल्या कान काही बंद होत नाहीत. एक बस चालवणारे गृहस्थ सांगत होते, "मी सगळ्यांना सांगत फिरलो, माझ्यावर गेलाय, मीही उशिराच बोलायला लागलो." सगळा हॉल हसला. मला वाटलं, त्याला हसले. शेजारची बाई म्हणाली, "त्याला नाही हो काका. इथल्या प्रत्येकानं हेच सांगितलंय."

मागं आमच्याकडे जेवताना छोट्या मालकांबद्दल तुम्हीही तेच म्हणालात, आणि मी म्हणालो, "लागलात ते अजून थांबला नाहीत." ते नको होतं. तुम्ही ताटावरून उठलात आणि पुढचं बोलणं राहून गेलं.

गट चालवणाऱ्या बाई शिवणकाम करतात. त्यांचाही मुलगा असाच होता, आता शाळेत जातो. त्या औषध देत नाहीत, भविष्यही सांगत नाहीत. आईबापांना जमिनीवर बसवून खेळायला शिकवतात, आणि त्या खेळात मुख्य काम थांबायचं. फुगा तोंडाला लावायचा, फुगवायचा नाही. मूल आपल्याकडे बघेपर्यंत. गेल्या रविवारी आमची लेक तशी बसून राहिली. छोटे मालक आधी भिंतीकडे बघत होते, मग फुग्याकडे, मग तिच्या डोळ्यांकडे. तिच्या डोळ्यांकडे, जावईबापू. परतताना गाडीत ती एवढंच बोलली, "हे ह्यांनी बघायला हवं होतं."

आता कामाचं. मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीचा नंबर लागायला महिनोन्महिने जातात. गटातल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांचा गुरुवारचा नंबर मोकळा झाला. बाईंनी आमच्या घरी फोन केला. मूल अडीच वर्षांचं आहे, वेळ घालवू नका, म्हणाल्या. "पण आई आणि बाबा दोघं हवेत. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटणार, रोज शिकवणार तुम्हीच."

मी म्हणालो, "बाबाच बोलतोय. येतो की." जन्मभर असाच धंदा केला, दार अडलं की खांदा लावायचा.

त्यांनी विचारलं, "झोपेतून दचकून उठला की कशानं शांत होतो?" मी काहीतरी ठोकून दिलं. त्या म्हणाल्या, "आजोबा ना? बाबा लोक या फोनवर इतक्या खुशीत बोलत नाहीत."

मग लेकीला विचारलं, खरंच कशानं शांत होतो. "मला नाही जमत," म्हणाली. "हे त्याचे तळपाय हातात धरून बसतात. बोलत नाहीत, हलत नाहीत. तो झोपेपर्यंत."

हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला काही दिसतच नाही असा माझा समज होता. तसं बसणाऱ्या माणसाला आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं असणार.

ऑटिझम आहे की नाही ते डॉक्टर सांगतील. हा शब्द लिहायला मला एवढं पान लागलं, तुम्हाला ऐकायला वेळ लागला तर नवल नाही. पण बाई मंगळवारपर्यंतच थांबणार आहेत. तुमचा फोन आला नाही तर नंबर दुसऱ्या मुलाला जाईल, आणि तेही बरोबरच; ते मूलही लहानच आहे. त्यांचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. त्या पुन्हा तेच विचारतील. मला उत्तर कळलंय, पण मी देणार नाही.

पत्र लेकीला वाचून दाखवलं. तुमच्याबद्दलची एक ओळ तिनं खोडायला लावली. "खरं असलं तरी ते मी म्हणेन बाबा, तुम्ही नाही." खोडली.

तिच्याच हाती पाठवतोय. तुम्ही वाचाल तेव्हा ती दारात उभी असेल. तिला आधी बसायला सांगा.

तुमची जागा सोडून बाजूला झालेला,
तुमचा सासरा