डाव्या बाजूचं माप

१९ मार्च

चिमे,

आशीर्वाद घे आणि आधी खाली बस. कामं आटोपली असतील तरच वाच, नाहीतर संध्याकाळपर्यंत राहू दे.

इकडे सगळं ठीक. दुकान पुन्हा जोरात आहे. मशीन कुरकुरतं, पण चालतं. खिडकीला नवी काच बसवली, त्यामुळे आता दुपारपर्यंत दिवा लावावा लागत नाही.

नवी भानगड सांगते. गेल्या वर्षी पाठदुखीमुळे दुकान बंद होतं ना, तेव्हा पडल्यापडल्या मला एक सॉफ्टवेअर सापडलं. माणसाची मापं भरली की त्याच्यापुरता कपडा बेतून देतं. फुकट आहे, आणि चालवणारे सगळे हौशी. कुणाला दमडी मिळत नाही. कुणीही भर घालावी, बाकीच्यांनी ती तपासावी, अशी पद्धत. सवयीप्रमाणे मी त्यांच्या मुंढ्यात, बाही जोडतात तिथल्या आकारात, खोट काढली. भांडतील असं वाटलं होतं, तर त्यांनी आभार मानले आणि आणखी काय चुकतंय म्हणून विचारलं. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मग त्यांना म्हटलं, माझं एक गिऱ्हाईक आहे, ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढलेला. तिच्यासाठी तुमच्याकडे एकही शर्ट नाही, सगळं दोन्ही बाजू सारख्या धरूनच बेतलेलं. उत्तर आलं, तुम्ही आखा, आम्ही मदतीला आहोत.

जोडीला मिळाले एक निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण माझी आखणी कॉम्प्युटरला समजेल अशी लिहून द्यायचे. प्रश्न विचारून विचारून त्यांनी मला भंडावून सोडलं. हात वर केला की डावीकडे किती ओढतं? बसल्यावर? व्रणापासून शिवण किती लांब हवी? मी लगोलग उत्तरं द्यायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "तुमचं गिऱ्हाईक कायम दुकानातच बसलेलं असतं का?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि खूप रडले. दुसऱ्या दिवशी कळवलं, गिऱ्हाईक मीच आहे.

त्यांचं उत्तर एवढंच होतं: "मग आता संकोच नको. कुठे टोचतं ते सांगा."

चिमे, ती पाठदुखी नव्हती.

कुठे टोचतं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, कारण मी कुणाला कळूच दिलं नव्हतं. तुझ्या दाजींनाही शपथ घातली होती. आईच्या आजारपणात तू तिच्या उशाशी होतीस आणि मी लांब माझ्या संसारात. तुला पुन्हा तेच बघायला लावायचं नाही, असं ठरवून बसले होते.

शर्ट आता सगळ्यांसाठी खुला झालाय. अनोळखी माणसांनी शिवून पाहिल्याशिवाय ते हौशी लोक कुठलीही आखणी घेत नाहीत. शिवणारी एक बाई पोस्टात काम करते, तिचंही ऑपरेशन झालेलं. खांद्याचा उतार जास्त होता, ती चूक तिने पकडली. मी दुरुस्त केल्यावर तिने पुन्हा शिवला आणि लिहिलं की कित्येक वर्षांनी आरशासमोर उभं राहून बटणं लावली. मीही तोच शर्ट घालून तुला लिहिते आहे. यातल्या कुणाचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही, पण त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

त्या बाईने मात्र एक गोष्ट विचारली, आणि त्या प्रश्नापायीच हे पत्र. तुम्हाला बहीण आहे का, तिने तपासून घेतलं का? आईला होतं, मला झालं. तुला जपायच्या नादात, जी गोष्ट तुला सगळ्यात आधी कळायला हवी होती, तीच मी वर्षभर लपवली.

हे वाचून मला फोन करू नकोस, आधी डॉक्टरांना कर. तपासून ये, मग माझ्यावर हवं तेवढं रागाव. मी चकार शब्द न काढता ऐकून घेईन.

आता बरी असलेली, आणि तुझ्या रिपोर्टची वाट बघत बसलेली,
तुझी ताई