दारवेळ

नाशिक,
८ जानेवारी २०२५

ती. उज्वलाआत्यास,
हर्षालीचा सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तू कानाचं यंत्र कपाटात ठेवून बोलतेस आणि मग सगळ्या गल्लीला माझी बातमी कळते. म्हणून पत्र, तेही स्पीड पोस्टाने.

रविवारी १९ तारखेला इथल्या वाचनालयात माझी प्रकट मुलाखत आहे. अमोल म्हणून एक जण दर महिन्याला एका लेखकाला स्टेजवर बसवून त्याचा लेखनप्रवास विचारतो. प्रश्न आधी सांगत नाही, आणि मुलाखतीपूर्वी लेखकाच्या पुस्तकातल्या गावी जाऊन येतो. तसा तो कळवणला येऊन गेला. तिथे त्याने बाजारात, स्टँडवर, दिसेल त्या बाईला माझ्या कादंबरीच्या नावाचा अर्थ विचारला. ‘दारवेळ’ हा शब्द एकीलाही माहीत नव्हता म्हणे.

आत्या, आतापर्यंत आठ मुलाखतींत मी सांगितलं, की संध्याकाळी बाहेर गेलेलं माणूस परतायची वेळ झाली की कळवणच्या बायका ‘दारवेळ झाली’ म्हणतात. पुस्तकाच्या मागेही तेच छापलंय. आता एकाने पेपरात लिहिलंय, की ही बाई शब्द बनवते आणि अहिराणी म्हणून खपवते. हे खरं ठरलं तर माझ्या बाकीच्या ओळींवर तरी कोण विश्वास ठेवेल? झोप उडाली आहे माझी.

सुट्टीत तुझ्याकडे असताना हा शब्द मी रोज ऐकलाय. तू शाळेत शिकवलेलं माणूस. हा शब्द तिकडे जुना आहे, एवढ्या दोन ओळी सहीनिशी लिहून दे. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
हर्षाली


कळवण,
१२ जानेवारी २०२५

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

संक्रांत दोन दिवसांवर आली, पण या वर्षी गोड बोलणं मला जमणार नाही. तिळगुळाची वाटही पाहू नकोस.

दोन ओळी मिळणार नाहीत. बत्तीस वर्षं मुलांच्या वहीतलं खोटं खोडलं, आता म्हातारपणी स्वतः लिहू का? तो शब्द कळवणचा नाही. अहिराणीतलाही नाही. तो तुझ्या कोंडाजीमामांचा आहे.

लग्न झालं तेव्हा ते विंचूरला कांद्याची गाडी घेऊन जायचे. परत कधी येणार विचारलं, तर लिलाव कधी संपेल ते त्यांना तरी कुठे ठाऊक? तू दारात उभी राहशील त्या वेळेला, असं म्हणाले. त्याचंच पुढे ‘दारवेळ’ झालं. निघताना ते म्हणायचे, संध्याकाळी मी म्हणायची. तू सहा वर्षांची, तुला वाटलं सगळं गाव म्हणतं. परतीच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि ते गेले, त्या दिवसापासून अठरा वर्षं मी तो शब्द उच्चारलेला नाही. आणि तू तो दुकानात मांडलास. कव्हरवर वाचला आणि पुस्तक कपाटात टाकलं. तुला कळवलं नाही, कारण तुझं कौतुक चाललं होतं.

तो अमोल माझ्या दारातही आला होता. दोनदा ओरडून विचारलं बिचाऱ्याने. ऐकू येत नाही असं दाखवून मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

स्टेजवर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. फक्त माझं आणि मामांचं नाव तिथे काढायचं नाही. तब्येतीला जप.

तुझी,
आत्या


नाशिक,
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पर्समध्ये घेऊनच काल स्टेजवर बसले. हॉल भरलेला होता. पहिला अर्धा तास अमोलने गोड गोड विचारलं. पहिली गोष्ट कधी लिहिली, बँकेची नोकरी सांभाळून कधी लिहिता, कोणी नाकारलं का. मी उत्तरं देत होते आणि माझं लक्ष त्याच्या हातातल्या मोबाइलकडे होतं. मग त्याने तो माइकजवळ धरला. बाजारातली एक बाई ठसक्यात सांगत होती, की असा सबद नही शे भाऊ. हॉल हसला. अमोलने शांतपणे विचारलं, की हा शब्द तुम्ही कुठून आणलात?

मीच बनवला म्हणाले असते तर सुटले असते. लेखकाला तेवढी मुभा असते. पण मग मामांचा शब्द मी दुसऱ्यांदा घेतला असता. म्हणून सांगितलं, की माझं चुकलं. कळवणला हा शब्द नाही. एका घरात होता, आणि लहानपणी ते घर म्हणजेच मला गाव वाटायचं. कोणाचं घर ते सांगणार नाही, कारण शब्द घेताना मी विचारलं नव्हतं.

मागून कोणीतरी ओरडलं, की मग गावाचं नाव छापलं कशाला? प्रकाशक तडक उठून निघून गेले. मागच्या मजकुरावर आता चिकटपट्टी लागणार आहे.

आठ वेळा मी माझा लेखनप्रवास सांगितला आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. याची मला फार लाज वाटते. रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझीच,
हर्षाली


कळवण,
३ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण राग जात नव्हता. खोटं कशाला सांगू?

गुरुवारी संध्याकाळी ओट्यावर बसले होते. शेजारची चैताली अंगणवाडीतून आली. तिचा नवरा स्वराज अजून घरी आला नव्हता. रस्त्याकडे बघत ती काहीतरी म्हणाली. मला नीट कळलं नाही, पण ओळखीचं वाटलं. आत जाऊन कपाटातून यंत्र काढलं, कानाला लावलं आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. ती म्हणाली, की काकू, दारवेळ व्हयनी, हाऊ अजून उना नही.

कुठून शिकलीस विचारलं, तर तुझ्या पुस्तकातून. अंगणवाडीतल्या चौघीजणी म्हणतात म्हणे. हा शब्द कोणाचा ते तिला ठाऊक नाही. मला रडू आलं, ते तिला यंत्र टोचल्याचं वाटलं.

तुझ्या अमोलला पुन्हा एकदा बाजारात पाठव. या खेपेला आमच्या गल्लीतून जा म्हणावं. चहाही देईन आणि उत्तरही.

उद्या रथसप्तमी. मुदत संपायच्या आत तिळगुळाचा डबा चैतालीच्या भावाबरोबर पाठवते आहे. पुढच्या मुलाखतीत मामांचं नाव घेतलंस तरी चालेल. पूर्ण घे, कोंडाजी. यंत्र लावून पहिल्या रांगेत बसेन.

तुझी,
आत्या