बांधाखालचं घर

टर्की ओढा, १८ एप्रिल १९७४

चि. व्हर्लिन यास,
अ. आ.

फोनवर तू दुसऱ्या वाक्याला हवापाण्यावर येतोस, म्हणून पत्र लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इकडे सगळे बरे. रोविनाने चर्चच्या तळघरात लहान मुलांचा वर्ग सुरू केला आहे. माझी लेक चार अक्षरं शिकली त्याचं सार्थक झालं म्हणायचं. वर्गाच्या खिडकीतून ओढा दिसतो आणि मुलं दिवसभर बदकं मोजतात.

तू ‘लेक मार्विना’ तळ्याच्या मंडळाचा अध्यक्ष झालास हे मला पाद्रीबाईंकडून कळलं. सख्ख्या बहिणीला सांगायला शार्लटहून पोस्टाची गाडी सुटत नसेल. असो, अभिनंदन. आता अध्यक्षसाहेबांना एक विचारते. तुमच्या बांधाच्या पायथ्याशी, आमच्या बाजूला, मागच्या उन्हाळ्यापासून ओल आहे. आजूबाजूचं गवत वाळलं तेव्हाही तिथलं हिरवंगार होतं. आता तर पाणकणसं उगवली आहेत. माथ्यावर विलो आणि पॉप्लरची झाडं माजलीत, त्यांची मुळं बांधात शिरतात. सांडव्यावर तुमच्या लोकांनी फळ्या ठोकल्यात आणि मासे पळू नयेत म्हणून जाळीही लावली आहे. ती पाल्याने गच्च भरली आहे. जास्तीचं पाणी जायचं कुठून? तुम्ही शनिवार-रविवारी येऊन होड्या फिरवता. आम्ही सातही दिवस त्या पाण्याखाली राहतो.

पुढच्या खेपेला बांधावर ये, मी दाखवते. माझ्या भावजयीला, मेबलला, आशीर्वाद. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
डेल्फा


शार्लट, ६ मे १९७४

ती. डेल्फाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मेबलने मोठ्याने वाचून दाखवलं आणि पाद्रीबाईंच्या वाक्याला बराच वेळ हसत होती.

ताई, तू लहानपणी आपल्या विहिरीलाही घाबरायचीस. तळं झालं त्याला वीस वर्षं होत आली. ज्याने बुलडोझर फिरवून तो बांध घातला, तो म्हातारा सांगून गेला आहे की डोंगर हलेल पण हा हलणार नाही. मातीचा बांध थोडा पाझरतोच म्हणे. झाडं मात्र कापता येणार नाहीत. डॉ. हार्क्रेडर, म्हणजे आमचे चिटणीस आणि दातांचे डॉक्टर, त्यांच्या सौभाग्यवतींची खुर्ची त्याच विलोखाली असते. फळ्या काढल्या तर पाणी वीतभर उतरेल आणि धक्क्याशी होड्या चिखलात बसतील. तरीही जूनच्या सभेत विषय काढतो. तुझा शब्द खाली पडू देणार नाही.

तुझ्या सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली संपली आहे, हे कोणत्याही बांधाहून गंभीर आहे.

मोठेपणाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
व्हर्लिन


टर्की ओढा, २४ जून १९७४

चि. व्हर्लिन यास,
अ. आ.

मुरंबा पाठवत नाही. आधी उत्तर दे, सभेत काय झालं?

तुझ्या भरवशावर न बसता मी काउंटी कचेरीत गेले. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, बाई, बांध खासगी मालकीचा आहे, आम्ही पाऊल ठेवू शकत नाही. राजधानीत लिहिलं. तिथून कळवलं की बांध फारच लहान आहे, आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे काउंटीला तो परका आणि राज्याला तो बारका. ओढ्याला मात्र यातलं काही कळवलेलं दिसत नाही.

परवा बांधावर चढले, तर तुझ्या डॉक्टरांच्या सौभाग्यवती खुर्चीतून उठून आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की वाट खासगी आहे. मी म्हटलं, पाणीही खासगी आहे ना, मग ते तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे पाठवू नका. त्यांना विनोद समजला नाही. मीही तो केला नव्हता.

पायथ्याशी आता नुसती ओल राहिलेली नाही. बांधातून बाहेर येणाऱ्या जुन्या नळाच्या कडेने बोटभर धार लागली आहे. अजून स्वच्छ आहे. ते ‘अजून’ मला झोपू देत नाही.

रोविना नमस्कार सांगते. लवकर लिही.

तुझी,
डेल्फा


शार्लट, १५ जुलै १९७४

ती. डेल्फाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. रागावली असशीलच.

सभा झाली. मी फळ्या काढण्याचा आणि तळं निम्मं उतरवून नळ तपासण्याचा ठराव मांडला. पहिल्याने म्हटलं, चार जुलैच्या होड्यांच्या शर्यतीनंतर बघू. दुसऱ्याने म्हटलं, मग सप्टेंबरची सुट्टी होऊ द्या. तिसऱ्याला पानगळीचे रंग पाण्यात बघायला पाहुणे यायचे होते. शेवटी डॉ. हार्क्रेडर उठले आणि म्हणाले की अध्यक्षांच्या भगिनींना पोहता येत नाही, म्हणून आपण तळं आटवायचं का. सगळे हसले. खरं सांगतो ताई, मीही हसलो. मग एक समिती नेमली. समितीत डॉक्टर आणि त्यांचा मेहुणा आहेत.

माझ्यावर चिडू नकोस. इकडे मला तुझा हेर म्हणतात आणि तिकडे तू मला त्यांचा नोकर समजतेस. घरी मेबल म्हणते, अध्यक्षपद सोडा. सोडलं तर डॉक्टरच होतील. मी काय करावं ते तूच सांग.

पोटात राग असला तरी माया राहू दे.

तुझा,
व्हर्लिन


टर्की ओढा, १९ ऑगस्ट १९७४

व्हर्लिन,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

काय करावं ते विचारलंस, म्हणून सांगते. धार गढूळ झाली आहे. पाणी स्वच्छ असतं तेव्हा ते नुसतं पाझरतं. गढूळ झालं म्हणजे ते बांधाची माती घेऊन बाहेर पडतं आहे. यासाठी समिती लागत नाही. काल मी बाटली भरून खिडकीत ठेवली. सकाळी तळाशी लाल माती बसली होती. तुमच्या बांधाच्या पोटातली.

रोविनाला वर्ग बंद कर म्हटलं, तर आयांनी तिलाच सुनावलं की आईच्या भीतीपायी आम्ही कामं सोडायची का. मुलं उद्या पुन्हा तळघरात बसणार. रोविनाची मुलगी, तुझीही नातच, त्यांत आहे.

तू हसलास ते मला सांगायला नको होतंस. यापुढे मी लिहिणार नाही. तुला यायचं तर ये.

डेल्फा


लेक मार्विना, २७ ऑगस्ट १९७४

ती. डेल्फाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दारावरून दोनदा गेलो, आत यायचा धीर झाला नाही. म्हणून अर्ध्या कोसावरून पत्र लिहितो आहे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. नळाशी वाकून ओंजळ भरली आणि मग कुणाला फोन केला नाही. आधी सांडव्यावरची जाळी आणि फळ्या उखडल्या. नळाच्या झडपेचं चाक गंजून एकजीव झालं होतं. तेल घालून, पहार अडकवून, मेबलला पलीकडून ओढायला लावून हललं. एकदम उघडलं असतं तर ओला भराव आतून ढासळला असता, म्हणून रोज थोडं थोडं उघडतो आहे. पाणी बरंच उतरलं आहे.

डॉक्टर आले. मी ठरावाविना मंडळाची मालमत्ता नासवली म्हणाले. त्यांची होडी चिखलात कलंडली आहे. बाकीचे बोलतच नाहीत. कडेला मासे मरून पडलेत आणि वास असा की मेबल नाकाला रुमाल लावून भाकरी भाजते. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर गळ टाकून बसलो, ते मला बघून खिडकी लावून घेतात. मी बरोबर केलं की नाही, तेही कळत नाही.

एवढंच कर, रागाने का होईना, पण लिही.

तुझा,
व्हर्लिन


टर्की ओढा, १४ ऑक्टोबर १९७४

चि. व्हर्लिन यास,
अ. आ.

आशीर्वाद परत सुरू केले आहेत, बघ.

समुद्राकडून आलेलं ते वादळ डोंगराला अडकलं आणि दोन दिवस धो धो ओतत राहिलं. डोंगरातलं सगळं पाणी तुमच्या रिकाम्या तळ्यात साठलं आणि नळातून सावकाश बाहेर गेलं. ओढा चर्चच्या पायरीला लागून थांबला. तळं भरलेलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचार मी भांडी घासतानाही करत नाही.

पण इथे कोण काय म्हणतं ऐक. शेजारची आयडाबेल म्हणाली, बघ डेल्फा, एवढा पाऊस झाला आणि काहीसुद्धा झालं नाही, उगाच तळं नासवलंत. पाद्रीसुद्धा मान हलवत होते. गढूळ पाण्याने ओढ्यातले ट्राउट मासे मेले, त्याचा राग माझ्यावर. चर्चच्या जेवणात माझ्या घेवड्याच्या भांड्याला कुणी डाव लावला नाही. झालं नाही ते कसं दाखवायचं, व्हर्लिन? बुडालो असतो तर निदान आपलं म्हणणं तरी खरं ठरलं असतं.

केलेला घेवडा मी आणि रोविनाने तीन दिवस खाल्ला. तू असतास तर संपला असता.

माया राहू दे म्हणतोस ना, मग ये.

तुझी,
डेल्फा


शार्लट, २० जानेवारी १९७५

ती. डेल्फाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मंडळाने आणलेल्या इंजिनियरचा अहवाल आला. बांध फुटला असता असं खात्रीने सांगता येत नाही, फुटला नसता असंही सांगता येत नाही. नळ बदलावा, असा सल्ला. सभेने पहिलं अर्धं वाक्य वाचलं, मला काढलं आणि डॉक्टरांना अध्यक्ष केलं. झाडं कापणार आहेत. सौभाग्यवतींना छत्री घेतली. नळाचं नंतर बघू. पाणी मात्र वसंतात भरणार.

मी खूप बोललो. वर राहणाऱ्या माणसाने खालच्यांची बाजू मांडली तर कुणी ऐकत नाही, असं दिसलं. म्हणून तळ्यावरचं घर विकलं. आयडाबेल मुलाकडे जाते आहे, तिचं ओढ्याकाठचं घर मी घेतलं. वकील म्हणाला की बांधाखाली स्वतःचं घर असलेला माणूस कोर्टात जाऊ शकतो आणि पाणी भरण्याआधीच जाऊ शकतो. मेबल तयार आहे. तिला तुझी भीती वाटते, ओढ्याची नाही.

मार्चात येतो. जागा असू दे, घरात आणि मनात.

तुझा,
व्हर्लिन


टर्की ओढा, २ फेब्रुवारी १९७५

चि. व्हर्लिन यास,
अ. आ.

वर्षभर मी तुला बांधावर ये म्हणत होते. बांधाखाली राहायला ये, असं कधी म्हटलं होतं? तुला अर्धवट ऐकायची सवय लहानपणापासून आहे.

आयडाबेलच्या घराचं मागचं दार नीट लागत नाही आणि चूल धुरकटते. मी रोविनाला घेऊन झाडून आले. वर्ग तिने टेकडीवरच्या जुन्या शाळेत हलवला. आया अजून कुरकुरतात, पण मुलं चढून जातात. कोर्टाच्या कागदावर तुझ्या सहीखाली माझ्या सहीला जागा ठेव. माझ्या खाली आयडाबेल सही करणार आहे. का ते विचारलं, तर म्हणाली, घर तुझ्या भावाला विकलं आहे, तो वाहून गेला तर लोक मला नावं ठेवतील.

मेबलला सांग, भिऊ नकोस. मी फक्त माझ्या भावावर ओरडते. आता पत्रं पुरेत. तुझ्या ओसरीवरून हाक मारलीस तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येईल आणि माझी तर तुला यायचीच.

तुझी,
डेल्फा