सर्व्हर, धवले आणि हरेशचं नाव

मी, दादू शिवा घरत, वय ६४, बेलापूरच्या सरकारी कचेरीतल्या संगणक विभागातून निवृत्त, राहणार खांदेश्वर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर सोसायटीने एव्हाना नोटीस लावली असती.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी दिवंगत पत्नी मैना हिची भाची योगिनी हिला मिळावी. आम्हाला मूलबाळ नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि केबलची पक्कड खालच्या मजल्यावरच्या ऋषीला. नाहीतरी दोन्ही त्याच्याच घरी असतात.

३. हॉलमधला सर्व्हर बंद करू नये. त्यावर तीन अ‍ॅप चालतात: सोसायटीच्या तक्रारी, गावच्या जत्रेचं वेळापत्रक आणि मैनाने गायलेले धवले, म्हणजे आमच्या आगरी लग्नांतली गाणी. तिन्हींच्या पुढे एकच प्रॉक्सी आहे. तो गेटवरच्या वॉचमनसारखा. आलेल्याला कुठे जायचंय ते बघून त्या अ‍ॅपकडे धाडतो. धवले फक्त घरच्यांसाठी, म्हणून तिथे आधी यादीत नाव बघतो. नाव नसेल तर परत पाठवतो आणि तशी नोंद ठेवतो.

४. सेक्रेटरी बाबासो यांनी माझ्या सुकटीच्या वासाबद्दल केलेल्या एकतीस तक्रारी छापून, बाइंडिंग करून त्यांना भेट द्याव्यात.

५. धाकटा भाऊ हरेश, राहणार उरण, याला काही देऊ नये असं मी चार वर्षं ठरवून होतो. प्रॉक्सी बसवला त्या दिवशी माझी कुठेतरी चूक झाली. कुठलाही पत्ता टाका, तक्रारींचंच पान उघडत होतं. मी ती चूक शोधत बसलो. आतल्या खोलीत आजारी मैनाने पाण्यासाठी हाका मारल्या. भेटायला आलेल्या हरेशने तिला पाणी पाजलं. संध्याकाळी ती गेली.

बाराव्याला तो सगळ्यांदेखत म्हणाला, "वयनी हाका मारीत व्हती न तू त्या डब्याम्होरं बसलेलास."

"मला ऐकूच आलं नाही," मी म्हणालो. त्याच दिवशी यादीतून त्याचं नाव खोडलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो धवले ऐकायला बघायचा आणि नोंद पडायची: हरेश, नाव यादीत नाही. ती ओळ बघितल्याशिवाय मी चहा घेत नसे. आठवड्यात माझ्याकडे येणारा तेवढा तोच. काल सलग सातवा रविवार, ओळ नाही. घर फार रिकामं वाटतं.

६. माझ्या पश्चात योगिनीने हरेशचं नाव यादीत परत घालावं.

हे वाचून वकील स्नेहल म्हणाल्या, "काका, यादी तुमच्याच हातात आहे ना? मग मरेपर्यंत कशाला थांबायचं?"

"लाज वाटते."

"आणि ते आधी गेले तर?"

कलम ६ रद्द. नाव मी आत्ता, साक्षीदारांसमोर घातलं. हरेशला फोन केला, त्याने उचलला नाही. सह्या झाल्या की उरणला निघतो. त्याने दार उघडलं तर एवढंच सांगायचं आहे, की मला ऐकू आलं होतं.

साक्षीदार:
१. सुमित्राबाई मढवी, शेजारी
२. अ‍ॅड. स्नेहल भोईर

ठिकाण: खांदेश्वर, नवी मुंबई
दिनांक: २३ फेब्रुवारी २०२६, सोमवार

सही: दादू शिवा घरत