बेचाळीस भोकं, सगळी सात मीटर

४ नोव्हेंबर
दिवाळीनंतरचा पहिला दिवस आणि सकाळीच चंद्रपूरच्या कोळसा खाणीतून फोन! परवाचा स्फोट वाया गेला. कोळशावरचा खडक नुसता उचकटला. खोलीएवढे धोंडे, खाली तळ तसाच टणक, दगड उपसणारं शॉवेल यंत्र नुसतं उभं. "स्फोटकं वाढवून द्या." आमचे साहेब, विश्वजीत सर म्हणाले, "सबा, दे की."

वाघोलीत खुर्चीवर बसून तिकडचा खडक फोडायचा, हे माझं काम. अम्मीला अजून पटत नाही!

५ नोव्हेंबर
वाढवली नाहीत. फसलेल्या आणि पुढच्या स्फोटाच्या, खाणीतून मोबाइलवर भरून आलेल्या नोंदी शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे स्फोटकं भरायची बेचाळीस भोकं, सगळी माझ्या आराखड्यातल्यासारखी सात मीटर खोल. कुठे पाणी नाही, कुठे ढासळणं नाही. इतकी शिस्त माझ्या कपाटातही नाही! पुढच्या स्फोटाची भोकं टेप सोडून मोजा, म्हणून कळवलं. सरांनी कपाळाला हात लावला.

६ नोव्हेंबर
मोजली. साडेपाच, सहा, पाच. एक तर चक्क चार! तळाशी गाळ. स्फोटकं खालपर्यंत पोचतच नव्हती, तळ फुटणार कसा? आणि मी वाढवून दिली असती तर ती पार तोंडाशी आली असती. वर माती ठासायला जागा नाही — दगड उडून माणसांवर!

मग राग आला. नोंदींवर सही कोंडीरामांची, तिथलं ब्लास्टिंग तेच बघतात. सरळ 'खोटे आकडे' असं लिहून मेल केला. वरपर्यंत सगळ्यांना.

८ नोव्हेंबर
कोंडीराम निलंबित. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार महिने. वाईट वाटलं. पण कुणी मेलं असतं तर?

जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर
त्यांचाच फोन. चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. "खरा आकडा लिहला तं घेतच नाही ना जी, मॅडम. तीनदा पाहलं. मंग सात टाकलं. बारूद मी भोक पाहूनच भरत होतो, कमी."

"कोण घेत नाही?"

"तुमचं ते मोबाइलवालं."

बहाणे! ठेवून दिला फोन.

१० नोव्हेंबर
नोंदींचा तो फॉर्म मोबाइलवर उघडला. खोली साडेपाच टाकली. लाल — 'चुकीचा आकडा, पुन्हा भरा.' सहा. लाल. सात. हिरवा.

फॉर्म मी बनवलाय.